एकच खुर्ची

धर्मेंद्रने साधा प्रश्न विचारला होता. पण माणूस डोंगर चढून जातो आणि उंबऱ्याला ठेचकाळतो, तशातली माझी गत झाली. शनिवारी माझं ऑफिस अर्धा दिवस असतं, म्हणून दुपारीच घरचा बंद पडलेला कॉम्प्युटर स्कूटरवर पायाशी ठेवून मी सुरतेतल्या पर्वत पाटियाला त्याच्या दुकानात नेला होता. त्याने तो उघडला, फुंकर मारली, नाक मुरडलं आणि सांगितलं की बेन, हा गेला, ह्याच्यात जीव घालण्यात अर्थ नाही, पण डिस्क चांगली आहे. धर्मेंद्र डिंडोलीचा, मूळचा आमच्या खान्देशातलाच, पण गल्ल्यावर बसला की तोंडात गुजराती येते आणि सगळ्या बायका बेन होतात. मग त्याने मला दोन खोकी दाखवली. नवा पीसी घेतला तर ही डिस्क आहे तशी त्यात बसवून देतो, खेळ जिथे थांबला तिथून पुढे चालू. कन्सोल घेतला तर तो टीव्हीला जोडायचा, खेळ तोच, उलट जास्त छान दिसेल, दोन रिमोट मिळतील, पण सगळी सुरुवात नव्याने. इथलं तिथे जात नाही. पैशाला दोन्ही उन्नीस-बीस. मी म्हटलं पीसीच. मी घरून ठरवूनच निघाले होते. ललितने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चार दिवस कन्सोल, कन्सोल म्हणून टुमणं लावलं होतं. पण चार वर्षं त्या खेळात घालवली ती मी काय वाऱ्यावर सोडायची? धर्मेंद्र बरं म्हणाला, आणि डिस्क नीट वाचली जाते का बघायला त्याने ती आपल्या मशीनला लावली, आमचा ट्रकचा खेळ उघडला. तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याला दिसेल त्या बटणाला हात लावल्याशिवाय चैन पडत नाही. त्याने फेऱ्यांची नोंद उघडली. चार वर्षांत ते पान मी कधी उघडलं नव्हतं. आपल्याच घरात कोण हजेरीबुक बघत बसतं.

तारीख, वेळ, किलोमीटर. रात्री नवाच्या ओळी माझ्या : चौऱ्याऐंशी, एकशेबारा, एकसष्ट. संध्याकाळी पाचच्या ओळी ललितच्या. शून्य. शून्य. दोन. शून्य. एक. शून्य. धर्मेंद्र माऊसचं चाक फिरवत राहिला आणि महिने वर सरकत राहिले, आणि पाचच्या ओळीत कुठेही दोनाच्या वर आकडा येईना. प्रत्येक वेळी चाळीस-पन्नास मिनिटं खेळ उघडा, आणि गाडी जागची हललेली नाही. धर्मेंद्र हसला. म्हणाला, कोणीतरी रोज येऊन नुसतं बसून जातंय, ताई. त्याच्या तोंडून बेनचं ताई कधी झालं ते त्यालाही कळलं नसेल. आणि मग त्याने तो प्रश्न विचारला. ह्यात अजून एक जुना सेव्ह पडलाय, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, छोटासाच, तीन वर्षांपूर्वीचा. त्याला त्यानंतर कोणी हात लावलेला नाही. नव्या मशीनमध्ये दोन्ही घालू, की हा काढून टाकू? मी तारीख बघितली. ती आखाजीच्या आठवड्याची होती. उघडू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं राहू दे, मी उद्या सांगते, आणि पर्स उचलून बाहेर आले. चौकातल्या त्या उन्हात स्कूटरला चावी लावायची सोडून मी तशीच उभी राहिले. रिक्षावाला ओरडला तेव्हा कळलं की मी रस्त्यात आहे.

माझं काम पंचिंगचं. साडीवर भरतकाम करणारी मशीन असते, तिने सुई कुठे घालायची, कुठे उचलायची, पान कुठे संपवायचं, हे कॉम्प्युटरवर टाक्याटाक्याने ठरवून द्यावं लागतं; ते मी देते. दहा वर्षं हातात माऊस आहे. एक टाका चुकला तर तोच टाका हजार साड्यांवर चुकतो, त्यामुळे चूक दिसली की ती मागे जाऊन पुसायची, हे माझ्या हाडीमाशी मुरलंय. ऑफिसात मला सगळे योगितामॅडम म्हणतात आणि माझ्या जिभेला घाबरतात, हे मला ठाऊक आहे आणि मला ते आवडायचंही. ललित लूमवर, यंत्रमागावर. त्याच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, पाळी आठवड्याने बदलत नाही, रात्रीचा माणूस रात्रीचाच. आठ ते आठ. तो सकाळी साडेआठला घरी येतो, मी सव्वानऊला निघते. तो चारपर्यंत झोपतो, सातला निघतो. मी आठला येते. म्हणजे आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली असं पत्रिका म्हणते, पण रोजची पाऊण तासाची भेट धरली तर अजून नव्याची नवलाई संपायची नाही. त्या पाऊण तासात मी डबा भरते आणि तो आंघोळ करतो. मूल नाही. ह्या वेळापत्रकात ते यायचं कुठल्या मुहूर्तावर, असं शेजारच्या धुरपदाबाई तोंडावर पदर घेऊन विचारतात आणि मीही हसते. हसायचं नाही तर काय करायचं.

कॉम्प्युटर आमच्या शेठने दिलेला. ऑफिसात नवे आले तेव्हा जुना मी मागून घेतला, आणि धर्मेंद्रकडून त्यात हा खेळ टाकून घेतला. परदेशातले रस्ते, एक ट्रक, माल उचलायचा आणि दूरच्या गावी पोचवायचा. मारामारी नाही, मरणं नाही. गोडादऱ्यातल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पलंग आहे, त्याच्यासमोर टीव्ही आहे, कपाट आहे, भिंतीला टेकून टेबल आहे आणि टेबलाला एक खुर्ची. खुर्चीत बसलं की पाठ पलंगाकडे होते. दोघांत एकच सेव्ह ठेवला. मी रात्री जेवून नऊला बसायची, माझा फेरा पोचवायची, आणि ट्रक त्या गावी उभा करून उठायची. तो दुसऱ्या दिवशी पाचला त्याचा फेरा मारायचा आणि ट्रक परत तिथेच आणून ठेवायचा. निदान मी असं धरून चालले होते. कारण मी बसायची तेव्हा डिझेलची टाकी भरलेली असायची. ट्रक धुतलेला असायचा. मी आदल्या रात्री कुठे खांबाला घासला असेल तर तो ओरखडा गेलेला असायचा. टायर नवे. तोंड रस्त्याकडे. मला वाटायचं, बघा, नवरा असावा तर असा, गाडी वापरतो आणि होती त्याहून चांगली करून ठेवतो. ऑफिसात मी गायत्रीला कितीदा तरी मिरवून सांगितलं होतं की आम्ही दोघं मिळून एक ट्रक चालवतो. ती म्हणायची, तुमचं बाई काही वेगळंच.

आणि सकाळी मी विचारायची, डब्यात पोळ्या घालता घालता, पाठ फिरवूनच : काल कसा होता रस्ता? तो म्हणायचा, चांगला होता. कधी म्हणायचा, पाऊस होता. कधी, धुकं होतं, मग दिवे लावून ठेवले. आता त्या स्कूटरवर बसून मला एकेक शब्द आठवायला लागला. तो खोटं कधीच बोलला नव्हता. मी इतकी गाडी चालवली, असं त्याने कधी म्हटलंच नव्हतं. पाऊस होता म्हणजे होता. उभ्या ट्रकमध्ये तो वायपर चालू करून बसत असेल आणि काचेवरचा पाऊस बघत असेल. दिवसभर झोपलेला माणूस, रात्रभर लूमच्या खडखडाटात उभा राहणार, मधला एक तास त्याने तीन वर्षं उभ्या गाडीत काढला, आणि मी त्याला रोज विचारत होते की रस्ता कसा होता.

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. तीन वर्षांपूर्वीची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खान्देशात दिवाळीला लेक माहेरी आली नाही तरी चालतं, पण आखाजीला आली नाही तर आई रडते. झोके बांधतात, गौर बसवतात, लग्न झालेल्या बाया आठ दिवस पोरी होतात. वडील चाळीस वर्षं सुरतेत लूम चालवून धरणगावला परत गेले होते, म्हणून मी तिकडे गेले. ललितला सुट्टी नव्हती. जाताना मी त्याला बजावलं होतं की ट्रकवर काचेचा माल आहे, महागाचा आहे, जपून. आठ दिवसांनी परत आले, दोन घास खाल्ले आणि खुर्चीत बसले. पडद्यावर आधी हिशेबाचं पान आलं. माल फुटला. दंड. दंड. पुन्हा दंड. ट्रकचं नुकसान एवढे टक्के. मी समोर काय आहे ते बघितलंच नाही. काचेतून बाहेर एक नजर टाकायला काय लागलं असतं? पण चूक दिसली की मागे जाऊन पुसायची, हा माझ्या हाताचा धर्म. मी माहेरी जाण्याच्या आदल्या रात्रीचा, खेळाने आपोआप राखलेला माझा सेव्ह शोधला, तो उघडला, आणि तिथून पुढे चालवायला लागले. त्याचे आठ दिवस मी उसवून टाकले. मला तर वाटलं मी घर आवरलं.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात आला, पायातली चप्पल काढत होता, केसांत धाग्याचा भुगा होता, आणि मी त्याला विचारलं :

“खात्यात बी असाच डागी माल काढस का?”

हे वाक्य मी विसरून गेले होते. तीन वर्षांत एकदासुद्धा मला ते आठवलं नव्हतं, आणि आज सिग्नलला हॉर्न वाजत असताना ते माझ्याच आवाजात कानात आलं. मी लूमवाल्याची लेक आहे. डागी माल काय असतो हे मला कोणी शिकवायला नको. लहानपणी सकाळी आठला वडिलांचा चहा घेऊन मी खात्यावर जायची. पाळी बदलताना लूम थांबवत नाहीत. रात्रीचा माणूस जाण्याआधी मशीनवरचा भुगा झाडतो, तेल घालतो, तुटलेले तार, म्हणजे धागे, जोडतो, बॉबिन भरून ठेवतो, आणि कापडावर खडूने एक रेघ ओढतो. इथपर्यंत माझं, इथून पुढे तुझं. मग तो मशीनवर हात ठेवून उभा राहतो. येणारा येतो, शेजारी आपला हात ठेवतो, आणि ‘हं’ म्हणतो. तो ‘हं’ आल्याशिवाय पहिला हात काढत नाही. वडील सांगायचे, ह्या रेघेवरून मारामाऱ्या होतात. कापडात डाग निघाला की तो रेघेच्या ह्या बाजूला की त्या बाजूला, ह्यावर माणसाची इज्जत ठरते. आईवरून शिवी दिली तर लूमवाला हसून सोडून देईल, पण डागी माल काढतोस म्हटलं तर तो जेवणार नाही. हे मला ठाऊक होतं. आणि मी ते त्याला दारात, चप्पल काढताना म्हटलं होतं. तो आंघोळीला गेला. मला वाटलं, बरं झालं, वाद नाही घातला. कसला आला वाद. त्या दिवसापासून त्याने ट्रकला हात लावायचा बंद केला, आणि फक्त जाणाऱ्या माणसाचं काम करत राहिला. भुगा झाडायचा, तेल घालायचं, तोंड रस्त्याकडे करून ठेवायचं. माल माझा.

घरी आले तेव्हा तो झोपलेला होता. पंख्याखाली, भिंतीकडे तोंड करून, उशी पोटाशी. मी त्याला असं दिवसाउजेडी झोपलेलं किती कमी वेळा बघितलं होतं. कानाजवळ दोन-तीन केस पांढरे झाले होते; कधी झाले असतील? मी आवाज न करता खुर्चीत बसले. टेबलावर कॉम्प्युटर नव्हता, त्याच्या जागी धुळीचा चौकोन होता, आणि मी सवयीने त्या चौकोनाकडे तोंड करून बसले होते. मला भीती वाटायला लागली, आणि ती कशाची हे मला तेव्हा नीट कळलं. पुढच्या एक तारखेपासून त्याला दिवसपाळी मिळणार होती. त्याच्या शेठने त्याला दिवसाच्या खात्यावर देखरेखीला घेतलं होतं. त्याने ही बातमी सांगितली तेव्हा मी पेढे आणले, सगळ्या चाळीला वाटले, आणि मनात एक गोष्ट कोणाला सांगितली नाही : आता रोज रात्री आठपासून हा माणूस ह्या खोलीत असणार, आणि मी त्याच्याशी काय बोलणार? इतकी वर्षं मला वाटत होतं की आमच्या दोघांत तो ट्रक आहे, साठ हजार किलोमीटरचा रस्ता आहे, संसार म्हणतात तो तोच. म्हणून तो सेव्ह मला जिवापाड हवा होता, म्हणून पीसी हवा होता. आणि आज कळलं की त्या रस्त्यावर मी एकटीच होते. आधी रागच आला. सांगता येत नव्हतं तोंडाने? तीन वर्षं शून्य किलोमीटर, हा काय सत्याग्रह आहे? मग वाटलं, कोणाला सांगणार होता तो? ज्या बाईने काचेतून बाहेर बघायच्या आधी हिशेब बघितला, तिला?

चारला तो उठला. मी चहा ठेवला. तो दाराच्या चौकटीला टेकून, कप हातात घेऊन उभा राहिला. आणि तेव्हा मला दिसलं की मी घरी असले की तो असाच उभा असतो. सुट्टीच्या दिवशी मी खेळायला बसले की तो चौकटीला टेकून थोडा वेळ बघतो आणि मग खाली पानाच्या टपरीवर जातो. मी समजायची त्याला मित्रांत जायचं असेल. मी त्याला सरळ विचारलं की धर्मेंद्रने नोंद दाखवली, पाचच्या पुढे सगळी शून्यं आहेत, हे काय आहे. तो चहा पीत राहिला. मग म्हणाला की माल तुझा होता, मी नुसती मशीन साफ ठेवायचो. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला किती सोपं गेलं असतं. मी म्हटलं, मी तुला तेव्हा डागी म्हटलं होतं. तो म्हणाला, हो, म्हटलं होतंस. बस, एवढंच. तीन वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्याने कपाच्या बशीसारखी खाली ठेवली. मला रडू आलं, आणि मला रडताना कोणी बघितलेलं आवडत नाही म्हणून मी ओट्याकडे तोंड केलं आणि भांडी वाजवली. मग तिकडे तोंड ठेवूनच विचारलं की मग आता कन्सोलचा हट्ट कशासाठी, खेळायचं तर तुला नाहीच.

मी वळून बघितलं. तो माझ्याकडे नाही, खुर्चीकडे बघत होता.

“आते मी रातले घर ऱ्हासू,” तो म्हणाला. “तू त्या खुर्चीवर बसशी. तुनी पाठ देखत मी कोठे बसू?”

नऊ वर्षांत ह्या माणसाने भाजीत मीठ कमी आहे एवढंसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. दोन रिमोट असतात, टीव्ही पलंगासमोर असतो, शेजारी बसता येतं. त्याला कन्सोलमधलं एवढंच हवं होतं. मी चार दिवस त्याला समजावत होते की पीसीमध्ये चित्र कसं सरस, माऊसवर हात कसा बसलेला, आपली एवढी मेहनत कशी वाया जाईल. आपली म्हणत होते. तो डबा घेऊन निघाला तेव्हा मी जिन्यापर्यंत गेले. असं मी कधी जात नाही, त्यामुळे तो दोन पायऱ्या उतरून थांबला, काही राहिलं का म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, उद्या तुझी रजा आहे, दुपारी माझ्याबरोबर दुकानात ये.

रविवारी धर्मेंद्रच्या दुकानात गर्दी नव्हती. मी म्हटलं, तो जुना सेव्ह उघड. ललितने माझ्याकडे बघितलं. त्याला ठाऊकच नव्हतं की तो अजून आहे. त्याला वाटत होतं मी तो पुसला. मलाही तेच वाटत होतं. धर्मेंद्रने उघडला, आणि पुन्हा आधी तेच हिशेबाचं पान आलं, माल फुटला, दंड, दंड. ह्या वेळी मी ते बाजूला सारलं. मागे समुद्र होता. करडा, ढगाळ, काही खास नाही. बंदराची भिंत, दोन दिव्यांचे खांब, आणि पुढे नुसतं पाणी, हलणारं. ट्रक भिंतीला जवळजवळ टेकून उभा होता, पुढचा दिवा फुटलेला, तोंड पाण्याकडे. मी चार वर्षांत किती ट्रक उभे केले, तोंड नेहमी रस्त्याकडे. हा एकटा पाण्याकडे. मला आठवलं की त्या आखाजीला जाण्याआधी मी म्हटलं होतं, सुरतेत जन्म गेला, डुमसचा समुद्र वीस किलोमीटरवर आहे, आणि लग्नानंतर एकदा जोडीने बघितला नाही; तू झोपलेला नाहीतर मी ऑफिसात. सहज म्हटलं होतं, डबा भरताना म्हणतात तसं. हा माणूस आठ दिवस, रोज एक तास, ज्या रस्त्यांची ओळख नाही त्या रस्त्यांनी, खांबांना धडकत, दंड भरत, काचेचा माल फोडत, गाडी समुद्रापर्यंत घेऊन गेला होता. आणि मी येऊन बसेन तेव्हा समोर दिसावा म्हणून भिंतीला टेकवून उभी करून ठेवली होती.

“तुले दखाडाना व्हता,” ललित म्हणाला, धर्मेंद्रला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. आणि मग, जणू त्याचीच चूक, “दिवा फुटी गया तो.”

मी बघत राहिले. दुकानात टेबलासमोर हलकी खुर्ची होती, एकच. ललित बसला होता आणि मी त्याच्या मागे उभी होते, त्याची पाठ माझ्याकडे. म्हणजे असं दिसतं इथून, मला वाटलं. मानेवर कॉलरच्या वर काळवंडलेला पट्टा आणि खांद्यावर एक धागा. मी तो धागा काढला. पडद्यावर पाणी हलत होतं, वायपर एकदा आला आणि गेला. किती वेळ गेला कोण जाणे, धर्मेंद्रने खाकरून विचारलं, मग ताई, पीसी बांधू ना, दोन्ही सेव्ह टाकून? मी म्हटलं, कन्सोल दे. तो म्हणाला, नीट विचार करा, साठ हजार किलोमीटर जातील, हा समुद्रही जाईल, कन्सोलवर सगळं पहिल्यापासून. ललितही म्हणाला की राहू दे, तुझी मेहनत आहे, पीसीच घे, मी बसेन पलंगावर. आता हा मला पीसी घ्यायला लावतो की काय, ह्याचा राग आला मला, खरंच. मी म्हटलं, मला पहिल्यापासूनच पाहिजे. डिस्क धर्मेंद्रने कागदात गुंडाळून दिली ती मात्र मी पर्समध्ये टाकली. फेकून द्यावी इतकी काही मी साधूसंत नाही.

बाहेर आलो. ऊन उतरायला लागलं होतं, पाच वाजले असतील. खोकं ललितच्या हातात होतं आणि चावी माझ्या हातात, नेहमीसारखी. स्कूटर मीच चालवते. एकदा रातपाळीहून येताना त्याचा सिग्नलवर डोळा लागला होता, तेव्हापासून चावी मी त्याच्या हातात दिलेली नाही. सुट्टीच्या दिवशी नाही, झोप झालेली असताना नाही, कधीच नाही. त्याने कधी मागितलीही नाही. मी चावी स्कूटरला लावली, हँडल धरलं, आणि बसले नाही. तशीच उभी राहिले. खोकं माझ्याकडे दे म्हटलं. त्याला कळेना. त्याने खोकं दिलं, ते मी एका हाताने छातीशी धरलं, दुसरा हात हँडलवर तसाच ठेवला, आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग त्याला कळलं. लूमवाल्याला ते कळायला शब्द लागत नाहीत. त्याने आजूबाजूला बघितलं, कोणी हसतंय का; मग पुढे आला आणि माझ्या हाताशेजारी हँडलवर त्याचा हात ठेवला. बोटांच्या टोकांना तार ओढून ओढून पडलेल्या बारीक भेगा. मी वाट बघितली.

“हं,” तो म्हणाला.

मी हात काढला.

मागे बसायची मला सवय नाही. पाय कुठे ठेवायचे, धरायचं कशाला, खोकं मांडीवर कसं मावायचं. पहिल्याच वळणावर त्याने ब्रेक इतका जोरात दाबला की खोक्याचा कोपरा माझ्या हनुवटीला लागला. एका हातगाडीला तो चाटून गेला आणि गाडीवाला गुजरातीत त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायला लागला. माझ्या तोंडात चार वाक्यं तयार होती. डावीकडे बघ, हळू, हॉर्न दे, दिसत नाही का. मी ती दातांखाली धरून ठेवली, आणि खोकंही. पुढे गोडादऱ्याचं वळण आलं, आमच्या घराचं, जिथे मी इतकी वर्षं डोळे मिटून वळते. त्याने वेग कमी केला नाही. वळण मागे गेलं. हा रस्ता चुकला, मी मनात म्हटलं, आणि मग बघितलं की तो पुढच्या मोठ्या रस्त्याला गाडी पश्चिमेकडे घालतोय, समोरून तिरपं ऊन सरळ त्याच्या डोळ्यांत येतंय, आणि तो डोळे बारीक करून, पुढे वाकून, अगदी सावकाश चालवतोय.

इथून डुमस वीस किलोमीटर आहे. मी एका हाताने खोकं धरलं आणि दुसऱ्याने त्याचा खांदा.